उपग्रहांची टक्कर, अवकाश-कचरा आणि दृक्प्रत्यय : मागोव्याच्या आकडेवारीवरून जोखमीचे मूल्यमापन

सारांश

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कृत्रिम उपग्रहांची व निकामी अवशेषांची संख्या वाढत असल्याने त्यांच्यातील टक्करीची आणि अवशेष भूपृष्ठावर कोसळण्याची जोखीम हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहिलेला नाही. ही जोखीम रडार व दुर्बिणींनी मिळविलेल्या मागोव्याच्या आकडेवारीवरून ठरविली जाते. प्रस्तुत लेखात या आकडेवारीचे स्वरूप, तिच्यातील अनिश्चितता, टक्करीची संभाव्यता काढण्याची रीत आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. २००९ ची उपग्रहांची टक्कर, २०२० मधील कार्टोसॅट-२एफचा प्रसंग आणि २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात कोसळलेले अवशेष या तीन घटनांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, दोन वस्तूंमधील अंतराचा आकडा त्याच्या अनिश्चिततेसह मांडला नाही, तर तो अपुराच नव्हे तर दिशाभूल करणाराही ठरतो.

प्रस्तावना

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. त्या दिवशी रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भातील अनेक ठिकाणांहून आकाशात तेजस्वी, तुटत जाणारी अग्निरेषा दिसली. मध्य प्रदेशाच्या काही भागांतूनही ती पाहिली गेली. प्रथमदर्शनी तो उल्कापात वाटला. परंतु चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले आणि परिसरात धातूचे गोळेही सापडले, तेव्हा हा निसर्गाचा चमत्कार नसून मानवनिर्मित वस्तूचा अवशेष आहे हे स्पष्ट झाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष येऊन या अवशेषांची पाहणी केली.

या घटनेने दोन प्रश्न उपस्थित केले. पहिला असा की, ही वस्तू कोणाची होती? दुसरा असा की, ती येथे पडणार हे आधी का कळले नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अल्पावधीत मिळाले. दुसऱ्याचे उत्तर मात्र ‘कळणे शक्य नव्हते’ असे होते. एकाच आकडेवारीतून एका प्रश्नाचे उत्तर मिळावे आणि दुसऱ्याचे मिळू नये, असे का घडते? या प्रश्नाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अवकाश-कचऱ्याचे स्वरूप

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक-१ कक्षेत सोडला. तेव्हापासून प्रत्येक प्रक्षेपणाबरोबर उपग्रहाखेरीज इतरही वस्तू अवकाशात जात राहिल्या. अग्निबाणाचे वरचे टप्पे, झाकणे, बोल्ट, आयुष्य संपलेले उपग्रह आणि स्फोटांतून वा टक्करींतून निर्माण झालेले तुकडे या सर्वांना मिळून ‘अवकाश-कचरा’ असे म्हटले जाते. युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजानुसार १० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या वस्तूंची संख्या आज ५० हजारांहून अधिक आहे, तर १ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या तुकड्यांची संख्या १२ लाखांच्या वर जाते.

लहान तुकड्यांची भीती का बाळगावी, हे वेगाचा विचार केल्यावर ध्यानात येते. ५०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर वेगाने फिरतो. परतवाडा ते अमरावती हे सुमारे ५० किलोमीटरचे अंतर तो सात सेकंदांच्या आत कापील. भिन्न दिशांनी येणाऱ्या दोन वस्तूंचा सापेक्ष वेग सेकंदाला १० किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. या वेगाने येणारी १ सेंटिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची गोळी वजनाने जेमतेम दीड ग्रॅम भरते. तिची गतिज ऊर्जा मात्र ताशी ४५ किलोमीटर वेगाने धडकणाऱ्या ९०० किलो वजनाच्या मोटारीइतकी असते.

अशा एका टक्करीतून शेकडो तुकडे होतात आणि त्यांतील प्रत्येक तुकडा नव्या टक्करीचे कारण होऊ शकतो. ही साखळी-प्रक्रिया डोनाल्ड केसलर व बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडली. त्यानंतरच्या घटनांनी तिची सत्यता अधोरेखित केली. ११ जानेवारी २००७ रोजी चीनने आपलाच जुना हवामान-उपग्रह क्षेपणास्त्राने उद्ध्वस्त केला आणि मागोवा घेण्याजोगे ३ हजारांहून अधिक तुकडे निर्माण केले. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाच्या अशाच चाचणीतून दीड हजारांहून अधिक तुकडे झाले. भारतही या इतिहासापासून सर्वस्वी अलिप्त नाही. २००१ मध्ये पीएसएलव्ही-सी३ च्या चौथ्या टप्प्याचा कक्षेत स्फोट होऊन ३०० हून अधिक तुकडे पसरले. त्यानंतर उरलेले इंधन व दाब काढून टाकून टप्पा निष्क्रिय करण्याची पद्धत इस्रोने स्वीकारली. २७ मार्च २०१९ रोजीची ‘मिशन शक्ती’ चाचणी सुमारे ३०० किलोमीटर इतक्या कमी उंचीवर घेण्यात आली. त्यामुळे तिचे बहुतांश तुकडे तुलनेने लवकर वातावरणात जळून गेले. उंची जितकी अधिक, तितका कचरा दीर्घायुषी, हे सूत्र येथे लक्षात घ्यावयाचे आहे.

मागोवा म्हणजे काय?

अवकाशातील वस्तूंचा मागोवा मुख्यतः दोन साधनांनी घेतला जातो. पृथ्वीनजीकच्या कक्षांसाठी रडार आणि भूस्थिर कक्षेसारख्या दूरच्या कक्षांसाठी दुर्बीण. रडार वस्तूचे अंतर, दिशा व वेग मोजते. दुर्बीण ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तिची दिशा मोजते. कार्यरत उपग्रहांबाबत तिसरे साधनही उपलब्ध असते. उपग्रहाशी होणाऱ्या संदेशवहनातून आणि त्याच्यावरील स्थाननिर्धारक यंत्रणेतून त्याच्या चालकांना त्याचे स्थान अधिक अचूकपणे कळते. निकामी वस्तू मात्र मूक असते. तिच्याविषयी जे कळते ते केवळ बाहेरून पाहूनच.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कोणतेही रडार एखाद्या वस्तूवर अहोरात्र नजर ठेवून नसते. वस्तू त्याच्या टप्प्यात काही मिनिटेच असते. या तुटक निरीक्षणांतून कक्षा ‘काढावी’ लागते आणि त्या कक्षेवरून पुढील स्थानाचे भाकीत करावे लागते. गणिताच्या अध्यापकांना हा प्रश्न परिचित आहे. १८०१ मध्ये सेरेस हा लघुग्रह काही आठवड्यांच्या निरीक्षणांनंतर सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. तेव्हा गाउसने उपलब्ध मोजक्या निरीक्षणांवरून त्याची कक्षा काढली आणि त्याच वर्षअखेरीस तो भाकिताच्या जवळपास पुन्हा सापडला. निरीक्षणांतील चुका गृहीत धरून त्यांतून सर्वांत संभाव्य कक्षा निवडण्याची न्यूनतम वर्गांची रीत आजही या कामाचा पाया आहे.

महाराष्ट्राच्या ज्ञानपरंपरेतही या विचाराला स्वतंत्र स्थान आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ मधील ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथानंतर आणि लोकमान्य टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर प्रभृतींच्या पंचांगशोधनाच्या चळवळीत ‘दृक्प्रत्यय’ हा शब्द वारंवार येतो. गणिताने आलेले ग्रहस्थान आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या स्थानाशी जुळले पाहिजे आणि जुळत नसेल तर गणित सुधारले पाहिजे, असा त्याचा आशय. उपग्रहांच्या मागोव्यात हाच दृक्प्रत्यय दिवसातून अनेकदा घ्यावा लागतो. कारण ग्रहगणितातील चूक दिसून येण्यास शतके लागतात, तर कमी उंचीवरील उपग्रहाच्या गणितातील चूक काही तासांतच किलोमीटरांत मोजावी लागते.

स्थान नव्हे, स्थानाचा अंदाज

ही चूक इतक्या वेगाने का वाढते? याचे प्रमुख कारण वातावरण होय. काही शे किलोमीटर उंचीवरही अतिविरळ हवा असते आणि ती उपग्रहाला किंचित रोखते. या हवेची घनता सूर्याच्या सक्रियतेनुसार बदलते. सौरवादळाच्या वेळी वातावरण तापून प्रसरण पावते आणि रोध वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ उपग्रह भूचुंबकीय वादळात सापडले आणि त्यांतील बहुसंख्य उपग्रह कक्षेत टिकू शकले नाहीत, हे याचे बोलके उदाहरण आहे. याखेरीज निकामी वस्तू कशी गडगडते आणि तिची कोणती बाजू पुढे असते, हेही निश्चित ठाऊक नसते.

परिणामी वस्तूचे भाकीत केलेले स्थान हा बिंदू नसून एक लांबट, अंडाकृती प्रदेश असतो. वस्तू त्या प्रदेशात कोठेतरी असण्याची शक्यता अधिक, एवढेच सांगता येते. हा प्रदेश गतीच्या दिशेने सर्वाधिक ताणलेला असतो. कारण वेगाच्या अंदाजातील क्षुल्लक चूक काळाबरोबर साचत जाते. वस्तू एखाद्या ठिकाणी एक सेकंद आधी पोहोचली, तरी स्थानात ७.६ किलोमीटरांचा फरक पडतो. अमेरिकेच्या यंत्रणेकडून जाहीरपणे उपलब्ध होणारे द्विपंक्ती कक्षाघटक अभ्यासकांसाठी अत्यंत उपयुक्त आहेत. तथापि त्यांची अचूकता पृथ्वीनजीकच्या कक्षेत आरंभीच सुमारे एक किलोमीटरच्या घरात असते आणि दिवसागणिक ती घटत जाते. म्हणूनच टक्करीच्या इशाऱ्यासाठी केवळ हे घटक पुरेसे नसतात. स्थानाबरोबर अनिश्चिततेचे कोष्टकही देणारे संदेश त्यासाठी वापरले जातात.

टक्करीची संभाव्यता आणि एक विरोधाभास

दोन वस्तू परस्परांच्या सर्वांत निकट येतात त्या क्षणीचे अपेक्षित अंतर, दोहोंच्या स्थानांतील एकत्रित अनिश्चितता आणि दोहोंचा एकत्रित आकार या तीन राशींवरून टक्करीची संभाव्यता काढली जाते. अनेक संस्था ही संभाव्यता १० हजारांत १ पेक्षा अधिक झाल्यास उपग्रह हलविण्याचा विचार करतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन ही रीत पाहू. समजा, दोन वस्तूंमधील अपेक्षित किमान अंतर २०० मीटर आहे आणि त्यांची एकत्रित त्रिज्या १० मीटर आहे. अनिश्चितता सर्व दिशांना समान मानून तिचे प्रमाण विचलन ५० मीटर असेल, तर टक्करीची संभाव्यता सुमारे दीड लाखात १ येते. येथे निश्चिंत राहणे योग्य ठरते. प्रमाण विचलन १५० मीटर असेल, तर संभाव्यता सुमारे अकराशेत १ होते. येथे उपग्रह हलविला पाहिजे. आता प्रमाण विचलन आणखी वाढवून १००० मीटर केले, तर संभाव्यता वाढण्याऐवजी घटून सुमारे २० हजारांत १ येते, आणि २००० मीटर केल्यास सुमारे ८० हजारांत १. मर्यादेच्या निकषानुसार येथे पुन्हा निश्चिंत राहण्यास हरकत नाही.

या उदाहरणातील शेवटचा टप्पा विशेष विचारात घेण्याजोगा आहे. अंतर तेच, वस्तू त्याच. बदलले ते केवळ आपले अज्ञान. अनिश्चितता फार वाढली की संभाव्यता विस्तीर्ण प्रदेशावर पातळ पसरते आणि कोणत्याही एका ठिकाणच्या टक्करीची शक्यता कमी दिसू लागते. म्हणजे संभाव्यतेचा लहान आकडा दोन अगदी भिन्न कारणांनी येऊ शकतो. आपल्याला पुष्कळ माहीत आहे म्हणून, किंवा आपल्याला फारच थोडे माहीत आहे म्हणून. पहिल्या प्रसंगी तो आकडा सुरक्षिततेचा पुरावा असतो. दुसऱ्या प्रसंगी तो केवळ पुराव्याच्या अभावाचे मोजमाप असतो. आकडा मात्र दोन्ही वेळा सारखाच दिसतो. त्यामुळे संभाव्यता कमी आहे असे आढळल्यावर ‘ती कशामुळे कमी आहे?’ हा प्रश्न विचारणे मूल्यमापन करणाऱ्याचे कर्तव्य ठरते. अशा वेळी योग्य कृती म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे, तर त्या वस्तूची अधिक निरीक्षणे घेऊन अनिश्चितता कमी करणे होय.

दोन घटना

१० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियाच्या उत्तर भागावर सुमारे ७८९ किलोमीटर उंचीवर अमेरिकेचा कार्यरत दळणवळण-उपग्रह इरिडियम-३३ आणि रशियाचा निकामी उपग्रह कॉसमॉस-२२५१ यांची टक्कर झाली. त्यांचा सापेक्ष वेग सेकंदाला सुमारे ११.७ किलोमीटर होता. दोन अखंड उपग्रहांची ही पहिलीच टक्कर. तिच्यातून मागोवा घेण्याजोगे दोन हजारांहून अधिक तुकडे झाले. जाहीर कक्षाघटकांवरून दररोज तयार होणाऱ्या एका यादीत या दोन उपग्रहांचे त्या दिवशीचे किमान अंतर ५८४ मीटर असे वर्तविले होते. त्याच यादीत याहून कमी अंतराच्या इतर अनेक जोड्या होत्या आणि त्या सुखरूप निसटल्या. अंतराचा आकडाच जोखमीचे माप मानला असता, तर ही जोडी कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. ज्या आकडेवारीतील संभाव्य चूकच किलोमीटरच्या घरात आहे, तिच्यातून आलेले ५८४ मीटर आणि शून्य मीटर यांत व्यवहारतः भेद करता येत नाही, हा या घटनेचा धडा होय.

दुसरी घटना भारताशी निगडित आहे. २७ नोव्हेंबर २०२० रोजी भारताचा कार्टोसॅट-२एफ आणि रशियाचा कानोपस-व्ही हे दोन भूनिरीक्षण-उपग्रह परस्परांच्या निकट आले. रशियाच्या रॉसकॉसमॉस या संस्थेने त्यांच्यातील किमान अंतर २२४ मीटर असल्याचे जाहीर केले. इस्रोच्या गणनेनुसार ते सुमारे ४२० मीटर होते. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष के. सिवन यांनी स्पष्ट केले की, उपग्रहावर चार दिवसांपासून लक्ष ठेवण्यात आले होते आणि अंतर सुमारे १५० मीटरपर्यंत येणार असेल तरच तो हलविला जातो. वृत्तपत्रांतून या प्रसंगाची चर्चा ‘कोणाचा आकडा खरा?’ अशा स्वरूपात झाली. शास्त्रीय दृष्टीने हा प्रश्नच सदोष आहे. प्रत्येक संस्थेला स्वतःच्या उपग्रहाचे स्थान अधिक अचूकपणे ठाऊक असते, दुसऱ्याच्या उपग्रहाचे तितकेसे नसते. त्यामुळे दोन प्रामाणिक गणनांची उत्तरे भिन्न येणे स्वाभाविक आहे. खरा प्रश्न असा की, दोन्ही आकड्यांना किती मीटरची अनिश्चितता जोडलेली होती? ती समजल्याशिवाय २२४ आणि ४२० यांत विरोध आहे की नाही, हेदेखील सांगता येत नाही. दोन्ही पक्षांनी आपापल्या उपग्रहाची अचूक माहिती एकमेकांना दिली, तर तिसरा आणि दोहोंपेक्षा अधिक विश्वसनीय आकडा मिळतो. म्हणून आकडेवारीची देवाणघेवाण हा केवळ सौजन्याचा भाग नसून तो सुरक्षिततेचा पाया आहे.

भारतीय व्यवस्था

उपग्रह हलविणे फुकट होत नाही. त्यासाठी लागणारे इंधन उपग्रहाच्या आयुष्यातून वजा होते, नियोजित छायाचित्रण खंडित होते आणि नव्या मार्गावर दुसऱ्या वस्तूशी गाठ पडणार नाही ना, हे पुन्हा तपासावे लागते. दुसरीकडे, उपग्रह गमावण्याची किंमत किती मोठी आहे हे विदर्भाला वेगळे सांगावयास नको. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे पीक, पाणी व भूवापर यांविषयीचे काम, पावसाचे अंदाज आणि मेळघाटासारख्या वनक्षेत्रांतील वणव्यांच्या सूचना या सर्वांचा आधार उपग्रहांकडून येणारी माहिती हाच आहे. टक्कर शेकडो किलोमीटर उंचीवर झाली, तरी तिचा परिणाम शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचतो.

या दृष्टीने भारताने स्वतःची व्यवस्था उभारण्यास आरंभ केला आहे. श्रीहरिकोटा येथील बहुलक्ष्यी रडार एकाच वेळी दहा वस्तूंचा मागोवा घेऊ शकते आणि ८०० किलोमीटर अंतरावरील ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीची वस्तू टिपू शकते. डिसेंबर २०२० मध्ये बंगळुरूच्या पीन्या येथे ‘नेत्र’ प्रकल्पाचे नियंत्रण केंद्र सुरू झाले आणि ११ जुलै २०२२ रोजी अवकाशातील सुरक्षित व शाश्वत कार्यासाठीच्या इस्रोच्या केंद्राचे उद्घाटन झाले. ‘नेत्र’ प्रकल्पात लडाखमधील हान्ले येथील दुर्बीण आणि आसाममधील चंद्रपूर येथील रडार यांचाही समावेश आहे. विदर्भातील चंद्रपूरशी या गावाचे असलेले नामसाम्य हा योगायोग असला, तरी तो लक्षात राहण्याजोगा आहे.

इस्रोच्या वार्षिक अहवालांनुसार टक्कर टाळण्यासाठी २०२२ मध्ये २१ वेळा, २०२३ मध्ये २३ वेळा आणि २०२४ मध्ये १० वेळा उपग्रह हलविण्यात आले. २०२४ मध्ये अमेरिकी यंत्रणेकडून भारतीय उपग्रहांबाबत आलेल्या निकटतेच्या सूचनांची संख्या ५० हजारांहून अधिक होती. पन्नास हजार सूचनांतून दहा प्रसंग निवडणे हेच मूल्यमापनाचे खरे काम होय. प्रसंगांची संख्या २३ वरून १० वर आली, याचा अर्थ अवकाश अधिक निर्धोक झाले असा नाही. अधिक अचूक कक्षांचा वापर आणि चाळणीच्या सुधारित पद्धती यांमुळे अनावश्यक हालचाली टळल्या, हे त्यामागील महत्त्वाचे कारण आहे. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ चे प्रक्षेपण टक्करीचा संभव टाळण्यासाठी ४ सेकंदांनी लांबविण्यात आले. चार सेकंदांत ३० किलोमीटर अंतर कापले जाते हे ध्यानात घेतल्यास या अल्प विलंबाचे महत्त्व कळते.

आयुष्य संपलेले उपग्रह वेळीच खाली आणणे हाही जोखीम कमी करण्याचा मार्ग आहे. १० जानेवारी २००७ रोजी सोडलेला ६८० किलो वजनाचा कार्टोसॅट-२ आपोआप खाली येण्यास सुमारे ३० वर्षे लागली असती. उरलेल्या इंधनाचा वापर करून त्याची कक्षा खाली आणण्यात आली आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी तो हिंदी महासागरावर वातावरणात नष्ट झाला. २०३० पर्यंत भारताच्या सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्टही जाहीर झाले आहे.

लाडबोरीचे दोन प्रश्न

आता प्रास्ताविकातील प्रश्नांकडे वळता येईल. लाडबोरीचे कडे कोणाचे, याविषयी आरंभी भिन्न तर्क झाले. त्याच दिवशी सायंकाळी न्यूझीलंडमधून इलेक्ट्रॉन अग्निबाणाचे प्रक्षेपण झाले असल्याने त्याचेही नाव पुढे आले. परंतु मागोव्याच्या नोंदी तपासता, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या लाँग मार्च-३बी अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणार होता आणि त्याचा मार्ग या प्रदेशावरून जात होता, असे हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी निदर्शनास आणले. घटना घडून गेल्यावर वेळ व ठिकाण ज्ञात असते. ज्या कक्षेशी ती जुळतात, ती वस्तू शोधणे एवढेच काम उरते. मागे वळून पाहताना अनिश्चितता थोडी असते.

पुढे पाहताना मात्र ती प्रचंड असते. अनियंत्रित वस्तू केव्हा कोसळेल याच्या भाकितात उरलेल्या काळाच्या सुमारे २० टक्के चूक अपेक्षित असते, असा स्थूल ठोकताळा आहे. म्हणजे पाच तास आधी केलेल्या भाकितातही एका तासाची चूक संभवते. एका तासात अशी वस्तू सुमारे २७ हजार किलोमीटर जाते आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४० हजार किलोमीटर आहे. अशा स्थितीत तालुक्याचे वा जिल्ह्याचे नाव सांगणे कोणत्याही प्रगत राष्ट्राला शक्य नाही. लाडबोरीला कोणी पूर्वसूचना दिली नाही, यात मागोवा घेणाऱ्यांची हयगय नव्हती. दोष असलाच, तर तो एवढा मोठा टप्पा अनियंत्रित सोडून देण्याच्या प्रथेचा होता.

येथे कायद्याचाही संबंध येतो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार अवकाशातील वस्तूमुळे भूपृष्ठावर हानी झाल्यास प्रक्षेपण करणारे राष्ट्र निरपवादपणे जबाबदार ठरते. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला. त्याबद्दल १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य झाले. अवकाशात झालेल्या हानीबाबत मात्र दोष सिद्ध करावा लागतो. वस्तू कोणाची होती आणि कोणी काय टाळू शकले असते, हे ठरविण्याचे साधन पुन्हा मागोव्याची आकडेवारी हेच असते. म्हणून ही आकडेवारी मोजक्या राष्ट्रांच्या हाती असणे हा तांत्रिक प्रश्न जितका आहे, तितकाच तो न्यायाचाही प्रश्न आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. अवकाशातील वस्तूचे स्थान हा बिंदू नसून अनिश्चिततेसह केलेला अंदाज असतो आणि निरीक्षण जुने होत जाते तशी ही अनिश्चितता वाढते.

२. दोन वस्तूंमधील किमान अंतराचा आकडा एकटा जोखीम दर्शवीत नाही. २००९ ची टक्कर आणि २०२० चा कार्टोसॅट-२एफचा प्रसंग यांवरून हे स्पष्ट होते.

३. टक्करीची अल्प संभाव्यता अचूक ज्ञानातून येते तशीच ती अज्ञानातूनही येऊ शकते. या दोहोंत भेद न करणे धोक्याचे आहे.

४. अचूक मागोवा व आकडेवारीची देवाणघेवाण यांमुळे सुरक्षितता वाढते, तसेच अनावश्यक हालचाली टळून उपग्रहांचे आयुष्यही वाढते.

५. अनियंत्रित अवशेष नेमके कोठे पडतील याचे भाकीत शक्य नसल्याने भाकितापेक्षा प्रतिबंध, म्हणजे आयुष्य संपलेली वस्तू नियंत्रितपणे खाली आणणे, हाच प्रभावी उपाय आहे.

हा विषय भौतिकशास्त्राइतकाच संख्याशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र व विधी या शाखांनाही स्पर्श करतो. त्यामुळे महाविद्यालयीन स्तरावर आंतरविद्याशाखीय अध्यापनासाठी तो उपयुक्त ठरतो. न्यूनतम वर्गांची रीत किंवा संभाव्यता शिकविताना फाशांची व नाण्यांची उदाहरणे दिली जातात. त्यांच्या जोडीला लाडबोरीच्या कड्याचे उदाहरण दिले, तर प्रमाण विचलन ही केवळ परीक्षेपुरती राशी नाही, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल. गुढीपाडव्याला नव्या पंचांगाचे वाचन होते, आणि ते पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे असा आग्रह महाराष्ट्रातील विद्वानांनी शतकापूर्वी धरला होता. त्याच दिवशी विदर्भाच्या आकाशातून पडलेल्या अवशेषाने तो आग्रह नव्या संदर्भात पुन्हा समोर आणला आहे. गणिताने सांगितलेला आकडा कितीही नेमका दिसला, तरी त्याला दृक्प्रत्ययाची जोड आणि अनिश्चिततेची प्रामाणिक नोंद असल्याखेरीज त्यावर निर्णय सोपविता येत नाही.